सावलीतली बाग आणि घरचे कुत्रे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांतून सावलीत वाढणाऱ्या झाडांच्या याद्या छापून येतात आणि रोपवाटिकांतही तीच झाडे पुढे केली जातात. पार्ले, दादर, मुलुंडकडच्या जुन्या इमारतींसमोर आंब्या-फणसाखाली जी थोडी माती उरली आहे, तिथे या याद्या उपयोगी पडतात. पण त्याच अंगणात घरचे कुत्रेही वावरतात, याचा विचार त्यांत क्वचितच दिसतो.

डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, पीस लिली ही सगळी अळूच्या कुळातली. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे पान चावताच कुत्र्याचे तोंड सुजते व लाळ गळू लागते. फाटकाशी शोभेसाठी लावला जाणारा सायकस तर फारच घातक. त्याच्या बिया पोटात गेल्यास यकृत निकामी होऊन कुत्रा दगावू शकतो. खताचेही तसेच आहे. एरंडीची पेंड सेंद्रिय म्हणून निर्धास्तपणे आळ्यात घातली जाते, कुत्रा वासाने माती उकरून ती खातो आणि पेंडीत उरलेले रायसिन हे विष त्याच्या जिवावर बेतते. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत वापरावे. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर टाकूच नयेत.

हिरवळीचा हट्ट सोडलेला बरा, कारण दाट सावलीत ती विरळ होते, मूत्रातल्या नत्राने जळते आणि जुलैत नुसता चिखल उरतो. आमच्या कुत्र्यांनी फाटकापासून कुंपणाच्या कडेने पायरीपर्यंत आपली वाट पाडलेलीच होती. तीच कायम ठेवून आम्ही तिच्यावर जांभ्याचे चिरे फटी सोडून बसवले आणि आतल्या बाजूस बोस्टन फर्न, कॅलाथिया व स्पायडर प्लांट ही कुत्र्यांना न बाधणारी झाडे लावली. फटींतून पाणी मुरते, डबके साचत नाही, आणि लेप्टोच्या (साचलेल्या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) दिवसांत याचे मोल मोठे आहे. चिऱ्यांवरचे शेवाळ मात्र अधूनमधून घासावे लागते.

चिखल आणि कुत्रे यांचे निमित्त पुढे करून काही सोसायट्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात आणि मुळांचे हवा-पाणी तोडतात, हे पाहून फार वाईट वाटते. कोणते झाड पाळीव प्राण्यांना विषारी आहे, हे आपण अशा याद्यांत प्रत्येक नावापुढे छापावे आणि रोपवाटिकांनीही कुंडीवर तशी चिठ्ठी लावावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई