आगोटीआधीचे दोन दिवस

दापोली, 20 मे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पैसे जमा झाले. यंदा घरावर पत्रे चढवा, म्हणजे दरवर्षी पावसाआधी कौलं चाळून नीट लावायची शाकारणी कायमची सुटेल, असं तू फोनवर म्हणालास. दोन दिवस विचार केला, आईशीही बोललो. पैसे तसेच ठेवलेत. पत्रे नकोत. त्याऐवजी 30 आणि 31 मे, शनिवार-रविवार, मला दे. त्यानंतर मृगाला जेमतेम आठवडा उरतो.

पत्रा वाईट, असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी चढणारं माणूसच उरलं नाही, त्यांनी दुसरं काय करावं? पण 3 जून 2020 तू पाहिला नाहीस, टाळेबंदीत पुण्यात अडकला होतास. निसर्ग वादळात त्या दुपारी आपली दोनशेच्या वर कौलं गेली, आणि खालच्या घराचा अख्खा पत्रा उडत येऊन आपल्या पोफळींत पडला. माणूस मध्ये असता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. कौल जातं ते तेवढंच जातं. मांगरात, म्हणजे मागच्या खोपटात, पणजोबांच्या वेळची कौलं रचून ठेवली होती, ती पुरली. वीज कित्येक दिवस नव्हती, पण आठवड्याभरात माजघर कोरडं झालं. ती कौलं मंगळुरी. मंगळुरास बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने 1865 मध्ये पहिला कारखाना काढला आणि मग ही कौलं किनाऱ्याने वर आपल्याकडे आली. शंभर पावसाळे काढलेलं कौल अजून टणटणीत वाजतं. बोटाने वाजवून बघायला मी तुला शिकवीन. बद्द आवाज आला की बाजूला काढायचं.

शनिवारी सकाळी सातला वर चढायचं, ऊन तापलं की कौलावर पाय ठेववत नाही. अनवाणी चढ. पाय रिपेच्या, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्टीच्या, रेषेवर पडला पाहिजे, कौलाच्या मध्यावर नाही, आणि पुढे सरकताना फळी आडवी टाकून घे. आधी आढ्यापासून खाली पातेरा, म्हणजे वाळका पाला, झाडायचा. छपराच्या दोन उतरत्या बाजू, पाखी, मिळतात त्या पन्हळीत आंब्याची पानं कुजून बसतात, घरातलं निम्मं गळणं तिथलंच असतं. मग आई माळ्यावर जाईल. आत काळोख असतो, तडा असेल तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. ती काठीने खालून त्या कौलाला टोचते, आणि वर ते हललं की आपण वरच्या ओळीतली दोन उचलून ते काढून घ्यायचं. गेली चाळीस वर्षं आम्ही दोघं हेच करत आलो. गेल्या वर्षी गुडघ्यामुळे मला अर्ध्यावरून उतरावं लागलं, आणि देवघराच्या कोपऱ्यात श्रावणभर पातेलं ठेवावं लागलं. गडी मिळतो रे, पैसेही आहेत. पण वानरं रोज कुठून उड्या मारतात आणि कुठली ओळ दरवर्षी सरकते, हे गड्याला ठाऊक नसतं. घरपट्टीवर तुझं नाव लागेल तेव्हा लागेल. त्याआधी हे तुला माहीत व्हावं असं मला फार वाटतं.

उन्हं कलली की अंगणातला मांडव उतरवू. त्याची झावळं चुलीला, बांबू पडवीत. लाकडं रचताना खाली चिरे घाल आणि भिंतीपासून वीतभर जागा सोड, नाहीतर वाळवी लाकडातून थेट वाशात चढते.

रविवारी सकाळी घरामागचा चर मोकळा करायचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, आणि भिंतींचा जांभा दगड पाणी पितो. चर तुंबला की भिंत ओल धरते, ती थेट दिवाळीपर्यंत. नंतर आंब्याच्या कलमांचं खत. खोडाशी टाकू नको, मुळं अन्न घेतात ती लांबून. बुंध्यापासून दीड मीटरवर गोल चर मारून मोठ्या कलमाला 50 किलो शेणखत, असं इथलं कृषी विद्यापीठ सांगतं. चौदा कलमं आहेत, सगळी होणार नाहीत. विहिरीकडची सहा झाली तरी पुष्कळ. उरलेली मी हळूहळू करीन.

दुपारी आईला आमसुलांत मदत कर. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून झालेत, सालं मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळत घालायचं चालू आहे. आभाळ भरून आलं की सगळी ताटं धावत आत न्यावी लागतात, आणि तिला आता धाववत नाही. ती तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

येताना सुंभाच्या, म्हणजे काथ्याच्या दोरीच्या, दोन गुंड्या आण, इथे चांगला मिळत नाही. शुक्रवारी कितीही उशीर होवो, आम्ही जेवायला थांबू. शिडी काढून ओटीला टेकवून ठेवली आहे. खालून तिसरी पायरी मोडली होती, ती कालच बदलली.

बाबा