खुले पत्र : अंदमान-निकोबारची झाडं हरियाणात लावणाऱ्या मंत्रीमहोदयांना

मा. मंत्रीमहोदय,
(पर्यटन किंवा पर्यावरण, ज्या खात्याच्या टेबलावर हे पडेल त्या खात्याचे)

सप्रेम नमस्कार.

'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज काल सकाळी आला. कोणी काढली, काय निकाल लागला, कशाचाच पत्ता नाही. तक्रार अंदमानच्या सहलीची होती. पुण्यातल्याच एका टूर कंपनीची. नाव घेत नाही, या वयात कोर्टकचेरी नको. त्यांच्या रंगीत पत्रकात सेल्युलर जेल होतं, बारातांगच्या चुनखडीच्या गुहा होत्या, कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येणारी कासवं होती आणि खाली बारीक अक्षरांत 'वाटेत आदिवासी दर्शन'. ही शेवटची ओळ देशात कोणी बिनदिक्कत छापू शकतो, याचं आपल्याला काहीच वाटत नाही का?

कासवं आयत्या वेळी रद्द झाली. 'मॅडम, कालीपूरला जायचा डिगलीपूरचा रस्ता खराब आहे' म्हणून आम्हाला मोत्यांच्या दुकानात नेऊन बसवलं. भिशीचे आणि ह्यांच्या मुदत ठेवीचे पैसे मोडून गेलो होतो हो! ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. बारातांगसाठी रात्री अडीचला उठवलं आणि जिरकाटांगच्या चेकपोस्टवर अंधारात गाडीत ताटकळत ठेवलं. तिथून पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल, त्यातून गाड्या ताफ्यानेच सोडतात. पाय सोडायला जागा नाही, स्वच्छतागृहासमोर ही रांग. गुहेपर्यंत चालायचं आहे हे बोटीतून उतरल्यावर सांगितलं. हे जेट्टीवरच बसून राहिले, आणि त्या दिवसापासून उजवा पाय जो सुजलाय तो अजून उतरलेला नाही. डॉक्टरांची फी कोण देणार, आपण?

पण त्याहून वाईट आधी रस्त्यावर घडलं. ताफ्यातल्या गाड्या थांबवायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही, असं चेकपोस्टवर बजावलं होतं. कडेला एक जारवा बाई उभी होती, काखेत मूल. आमच्या ड्रायव्हरने वेग कमी केला. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी पर्सआडून मोबाइल धरला आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी खिडकीतून बाकरवडीची पुडी फेकली. पुडी रस्त्यावर फुटली. बाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीत मात्र हशा. पुणेकर, सुशिक्षित, निवृत्त अधिकारी!

जारवा उरलेत जेमतेम काही शे. त्यांच्या राखीव जंगलातला अंदमान ट्रंक रोडचा भाग बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. २०१२ मध्ये त्यांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली, आपली शोभा झाली. तरी ताफे रोज चालूच. न्यायालयाचा आदेश आमच्यासारख्याने मोडला तर काय होतं, ते सांगायला नको.

जेल मात्र पाहावंच. इमारतीच्या सात पाखांपैकी, म्हणजे लांबलचक भुजांपैकी, तीन उरल्यात. एका पाखेच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसरा कैदी दिसायलाच नको. तात्याराव आणि बाबाराव सावरकर, सख्खे भाऊ, याच भिंतींत होते आणि भेटीलाही मोताद होते. तात्यारावांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोठडीत मला दोन मिनिटं गप्प उभं राहायचं होतं. मागून 'काकू, फ्रेममधून बाजूला व्हा!'

आता पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं, रॉस बेटाला नेताजींचं नाव मिळालं. चांगलंच झालं. पाट्या बदलायला आपल्याला वेळ मिळतो. खाली दक्षिणेला ग्रेट निकोबार बेटावर काय चाललंय? बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प, नवं शहर, ७२ हजार कोटी. १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार. झाडं किती, तर आधी साडेआठ लाख म्हणत होते, मग संसदेत साडेनऊ लाखांच्या पुढे गेले, याच्या कितीतरी पट म्हणणारेही आहेत. मी काही मोजायला गेले नव्हते, आपण तरी गेला होता का? गॅलेथिया खाडीत चामड्या पाठीची प्रचंड समुद्री कासवं अंडी घालतात. लिटल अंदमानमधून उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेल्या त्यांच्या भाईबंदांपैकी एक पार मोझांबिकपर्यंत पोहत गेलं. त्या खाडीचं अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द केलंत, आणि त्याच सुमारास सागरी कासवांच्या राष्ट्रीय आराखड्यात तीच खाडी महत्त्वाची म्हणून छापलीत! दोन कारकून एकमेकांशी बोलत नव्हते की मुद्दामच?

तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं कुठे, तर हरियाणात. आम्हा पुणेकरांना ही विद्या नवी नाही. नदीकाठ सुशोभित करायचा म्हणून झाडं पाडायची, टेकडीतून रस्ता काढायचा म्हटलं की बदल्यात दुसरीकडे रोपं दाखवायची. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांच्या जागी लोखंडी पिंजरे उरतात. नगरसेवक असो की मंत्री, फाइल एकच. काही विचारलं तर राष्ट्रीय सुरक्षा! या निकोबार प्रकल्पावर हरित लवादाने नेमलेल्या समितीचा अहवालसुद्धा गोपनीय ठेवलात.

तेव्हा एवढं लेखी कळवा. जारवांच्या जंगलातून पर्यटकांचे ताफे नेणं कोणत्या तारखेला बंद करणार? 'आदिवासी दर्शन' विकणाऱ्यांचे परवाने कोण रद्द करणार? आणि निकोबारचा मेगापोड पक्षी किनाऱ्यावर वाळूपाल्याचा ढीग रचून त्याच्या उबेवर अंडी उबवतो, त्याने आता रोहतकला जायचं की कर्नालला?

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कोथरूड, पुणे