वाफेचा हिशेबही छापा

संपादक महोदय,

2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना 'मॉफ'साठी मिळाले. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले हे सच्छिद्र स्फटिक. तेव्हापासून 'कार्बन शोषणारी जादूची भुकटी' अशा बातम्या वाचतो आहे. चिमूटभर भुकटीत मैदानाएवढा पृष्ठभाग वगैरे.

माझी नोकरी रायगडातल्या एका खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटमध्ये झाली. कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणे हे आमचे रोजचेच काम. टॉवरमध्ये वरून द्रावण, खालून वायू. पकडायला फारसे काही लागत नाही. खर्च पुढच्या टॉवरला. तिथे तेच द्रावण तापवून वायू सोडवायचा आणि युरियाकडे पाठवायचा. पाळी बदलली की आमचे इनचार्ज लॉगबुकात आधी हे द्रावण तापवणाऱ्या रिबॉयलरच्या वाफेचा आकडा बघत, चहा नंतर. द्रावणात पाणी भरपूर, तेही विनाकारण तापते. घन स्फटिकात ते पाणीच नसते, म्हणून मला या संशोधनाचे अप्रूप.

पण छिद्रे मोठी असून भागत नाही, आतल्या भिंतींना काय चिकटवले हे महत्त्वाचे. बर्कलीत जेफ्री लाँग यांच्या गटाने मॅग्नेशियमच्या स्फटिकात डायअमाइन बसवले. अमाइन म्हणजे कार्बन डायऑक्साइडला धरणारे, अमोनियाच्या जातीचे नायट्रोजनयुक्त रेणू. ठरावीक दाब आला की वायूचे रेणू एकामागोमाग एक रांगेने आत शिरतात आणि थोड्याच उष्णतेने सुटतात. फार देखणे काम. दुसरी गोष्ट पुण्याच्या जवळची. आज पुण्याच्या आयसरमध्ये असलेले रामनाथन वैद्यनाथन आणि कॅल्गरीचे जॉर्ज शिमिझू यांनी 2010 मध्ये जस्ताच्या एका स्फटिकात अमाइनपाशी कार्बन डायऑक्साइड नेमका कुठे बसतो ते दाखवले. 2021 मध्ये याच मंडळींचा 'कॅल्फ-20' हा स्फटिक आला. त्यात आधीसारखेच जस्त आहे, ऑक्झॅलेट आणि ट्रायझोल हे जोडणारे सेंद्रिय रेणूही आहेत, फक्त अमाइन गाळलेले! तरी आर्द्रता 40 टक्क्यांच्या आत असेल तर तो पाण्याआधी कार्बन डायऑक्साइडच धरतो, आणि रासायनिक बंध नसल्याने सोडतोही सहज. बीएएसएफ या रसायन कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला.

आपल्याकडे अमाइन असण्या-नसण्याचा हा फरक जास्तच जाणवेल. कोळशाच्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो. तो अमाइनला असा चिकटतो की तापवूनही सुटत नाही, आणि माल हळूहळू निकामी होतो. तो धुरातून काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून जुलै 2025 मध्ये देशातली बहुतेक कोळसा वीजकेंद्रे वगळली गेली. अशा एखाद्या केंद्राच्या धुराड्यावर उद्या कोणी अमाइनवाला स्फटिक लावायला निघाले, तर आधी याचे उत्तर द्यावे लागेल.

तेव्हा पुढची बातमी देताना तुमच्या प्रतिनिधीने एवढे जरूर विचारावे: वायू सोडवायला किती तापमान लागले, चाचणी कोरड्या वायूत झाली की दमट, आणि पकडण्या-सोडण्याच्या किती फेऱ्यांनंतर मालाची क्षमता किती उतरली. मैदानाचे क्षेत्रफळ नाही छापले तरी चालेल.

— एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, अलिबाग