वाड्याचा भाव खणावर ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेठेतला एखादा वाडा विकायला निघाला की जाहिरातीत एकच आकडा येतो: जागा इतके चौरस फूट. बांधकामाची किंमत शून्य धरायची, वर पाडकामाचा खर्च वजा करायचा, अशी पुण्यात रीतच पडून गेली आहे. आमच्या मते हा हिशेब दोन्ही टोकांना चुकतो. जागा फुगवलेली असते आणि लाकूड बुडवलेले. भाव ठरावा तो खणावर, म्हणजे दोन खांबांमधल्या एकेका गाळ्याची अवस्था पाहून.

जागेचे आधी. शनिवारवाडा हे केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या कायदा-दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम होत नाही, फक्त परवानगी घेऊन दुरुस्ती होते; त्यापुढच्या 200 मीटरमध्येही बांधकामाला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे एकाच बोळातले, एकाच मापाचे दोन वाडे, एक 90 मीटरवर आणि दुसरा 120 मीटरवर, सारख्या भावाचे असूच शकत नाहीत. पहिल्यासाठी नव्या इमारतीच्या एफएसआयचा (जागेच्या प्रमाणात मंजूर होणाऱ्या बांधकामाचा) भाव मोजणे म्हणजे बाजारात नसलेल्या मालाचे पैसे देणे. मग मोजणी नकाशावर रस्तारुंदीची रेषा बघा. ओटा आणि दिंडी दरवाजा बहुतेक वेळा तिच्याच पलीकडे, म्हणजे रस्त्यात जाणाऱ्या भागात, असतात.

भाडेकरूंचा हिशेब तर व्यवहार ठरेपर्यंत कोणी मांडतच नाही. 3,000 चौरस फुटांच्या वाड्यात 8 बिऱ्हाडे, प्रत्येकाकडे 250 चौरस फूट, असे धरले तर नव्या इमारतीतले पहिले 2,000 चौरस फूट आधीच त्यांचे झाले. ‘दोनच म्हातारी माणसं उरलीत’ या दलालाच्या वाक्यावर तर मुळीच विसंबू नये. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारल्यावर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, आणि पागडीही त्याच कायद्याने वैध केली आहे. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर आत्यांसह सगळ्या वारसांची सही किंवा नोंदवलेले हक्कसोडपत्र मिळाल्याशिवाय विसार देऊ नये.

आता बांधकाम. वाडा भिंतींवर उभा नसतो, खांबांवर असतो. काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळखडा (खांबाखालचा दगड), त्यावर सागवानी खांब, मग हस्त (तुळईला आधार देणारे लाकूड), तुळई आणि कडीपाट (कड्या-फळ्यांची तक्तपोशी). मधली माती-विटांची भिंत बहुतेक ठिकाणी भरणा म्हणूनच असते. म्हणून भिंतीला पडलेली भेग पाहून घाबरण्यापेक्षा खांबाच्या पायाशी उकिडवे बसा. तळखड्यालगतच्या 6 ते 9 इंचांत लाकडी मोगरीने ठोकून पाहा: निरोगी साग टणक वाजतो, पोखरलेला भद्द. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबल्यावर अर्धा इंच सहज आत गेले, तर तो पाय गेला. चौकाच्या चारही कोपऱ्यांतले खांब आधी तपासावेत, कारण कौलांच्या दोन पाखांमधली पन्हळ तिथेच गळते. दुसरी जागा वरच्या मजल्यावरच्या मोरीखालची तुळई. तिसरी, भिंतीत गाडलेली तुळईची टोके. ती बाहेरून दिसत नाहीत. गिलावा वीतभर फोडायला मालकाची परवानगी घ्यावी, आणि तो नाही म्हणाला तर त्यातच उत्तर समजावे. तुळई मध्ये किंचित वाकलेली असणे हा मात्र बहुधा दोष नव्हे; साग शे-दीडशे वर्षे ओझे वाहून तेवढा बसतोच.

पाय कुजला म्हणून खांब टाकून द्यावा लागत नाही. दोन्ही बाजूंना टेकू आणि स्क्रू-जॅक लावून भार उचलायचा, कुजलेला भाग तिरका कापायचा आणि जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा त्याच तिरक्या सांध्यात बसवून बोल्टने आवळायचा. जॅक मात्र सावकाश, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर याच बेताने. घाई केली की वरच्या मजल्यावरच्या चौकटी तडकतात.

नुकसान जास्त करून नंतरच्या ‘सुधारणां’चे असते. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढते आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. उपाय तो गिलावा काढून चुन्याचा करणे, वर वॉटरप्रूफ रंग लावणे नव्हे. कडीपाटावर ओतलेला दोन इंची कोबा (काँक्रीटचा थर) दर चौरस मीटरला सुमारे 120 किलो ओझे वाढवतो, त्यावरच्या टाइल्सचे वेगळे. आणि सामाईक भिंत! शेजारचा वाडा पाडला की जी बाजू कधी पावसाला दाखवलीच नव्हती ती उघडी पडते, आणि मातीची वीट धुऊन जायला एक पावसाळा पुरतो.

लाकडाचा हिशेब कोणालाही करता येईल. 8 इंच चौरस, 9 फुटी खांब म्हणजे 4 घनफूट. असे 30 खांब असले तर 120 घनफूट, तुळया आणि कड्या निराळ्या. जुन्या सागाचा चालू भाव लावून पाहा. पाडकामाचा ठेकेदार ‘राडारोडा फुकटात उचलतो’ असे का म्हणतो ते कळेल.

शेवटची तक्रार स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल. हातोड्याच्या उसळीने काँक्रीट तपासायचे यंत्र सागवानी खांबाला लावलेले अहवाल येतात, आणि त्यांच्या आधारे अख्खा वाडा धोकादायक ठरतो. पेठेत बांधकाम खणांत मोजायची जुनी पद्धत आहे, ती इथे कामाची आहे. धोकादायक इमारतीच्या नोटिशीत आणि बँकेच्या मूल्यांकन अहवालातही वाड्याचा खणवार नकाशा जोडावा: कोणत्या खणातला कोणता खांब कुजला, कोणती भिंत ओळंब्याबाहेर किती इंच, भेग वाढते का हे कळावे म्हणून तिच्यावर काचपट्टी कधी चिकटवली आणि ती पावसाळ्यानंतर तुटली की शाबूत राहिली. असा नकाशा करायला दोन माणसांना तीन-चार दिवस लागतात.

आपले,
जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारे काही स्थापत्य अभियंते, पुणे