मंडलचा हिशोब एकट्या व्ही. पी. सिंगांच्या नावावर नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात परवा आरक्षणावर जो लेख आला त्यात माजी पंतप्रधान व्ही. पी. सिंगांबद्दल एकच वाक्य होतं, की या माणसाने खुर्ची वाचवायला देश जातीपातीत वाटला, आणि मग बाकीचा सगळा लेख त्याच वाक्याच्या जोरावर पुढे गेला. हे वाक्य मी १९९० पासून ऐकतेय. लग्नात, ऑफिसात, व्हॉट्सअपच्या ग्रुपवर, जिथे म्हणून आरक्षणाचा विषय निघतो तिथे कोणीतरी हे बोलतंच आणि मग पुढचं बोलणंच संपतं, कारण माणूस वाईट ठरला की त्याची पॉलिसी पण आपोआप वाईट ठरते, मग तिच्यात काय होतं काय नव्हतं हे बघायची कोणाला गरज वाटत नाही. मला नेमकं यावरच बोलायचंय. आम्ही ओपनमधले, आमच्या घरात कोणाला मंडलचा, म्हणजे व्हीपींनी १९९० ला जाहीर केलेल्या ओबीसी आरक्षणाचा, एक रुपयाचाही फायदा झालेला नाही, त्यामुळे मी आपल्या माणसांची बाजू लावून धरतेय असं कृपया समजू नका.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही पण हाच माणूस १९८७ ते ८९ मध्ये मध्यमवर्गाचा हिरो होता. राजीव गांधींच्या सरकारात अर्थमंत्री असताना मोठमोठ्या उद्योगपतींवर धाडी टाकल्या, मग संरक्षण खात्यात गेले, तिथून राजीनामा देऊन बाहेर पडले, बोफोर्स तोफांच्या दलालीवर देशभर बोलत फिरले, १९८८ ला अलाहाबादची पोटनिवडणूक जिंकली आणि २ डिसेंबर १९८९ ला पंतप्रधान झाले. 'राजा नहीं फकीर है, देश की तकदीर है' ही घोषणा तेव्हा सगळीकडे चालायची. पुढच्या ऑगस्टनंतर त्याच शहरांत 'राजा नहीं रंक है, देश का कलंक है' सुरू झालं. मधे वर्षसुद्धा गेलं नव्हतं. माणूस तोच होता हो, फरक एवढाच की आधी तो दुसऱ्याच्या भ्रष्टाचारावर बोलत होता आणि आता आपल्या नोकऱ्यांवर बोलायला लागला.

आता त्या खुर्ची वाचवण्याच्या आरोपाचं बघू. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. १ ऑगस्ट १९९० ला देवीलालना उपपंतप्रधानपदावरून काढलं, ९ ऑगस्टला देवीलाल दिल्लीत शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा घेणार होते, आणि मधे ७ ऑगस्टला व्हीपींनी संसदेत मंडल आयोग लागू करत असल्याचं सांगितलं. तारखा बघितल्या की घाई दिसतेच, ती नाकारायचं कारण नाही. पण याच्या जोडीला दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही की मंडल लागू करू हे त्यांच्या राष्ट्रीय आघाडीच्या १९८९ च्या जाहीरनाम्यात आधीच लिहिलेलं होतं. मुळात आयोग नेमला मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७९ ला, बी. पी. मंडल यांनी अहवाल दिला डिसेंबर १९८० ला, आणि त्यानंतर इंदिरा गांधी गेल्या, राजीव गांधींची पूर्ण पाच वर्षं झाली तरी तो अहवाल पडूनच होता. म्हणजे ज्यांनी दहा वर्षं काहीच केलं नाही त्यांचा हेतू कोणी विचारला नाही आणि ज्याने केलं त्याचा हेतू आपण अजून तपासतोय.

आणि हेतूच बघायचा ठरवलं तर मग सगळ्यांचा बघा. जानेवारी २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्क्यांची घटनादुरुस्ती आली, लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, ८ तारखेला लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, संपलं. तेव्हा मेरिटचं काय होणार म्हणून कोणी रस्त्यावर आल्याचं मला तरी आठवत नाही. खुर्चीचा विषय पण निघाला नाही. गरीब ब्राह्मण, गरीब मराठा मुलाला मदत मिळावी असं मलाही वाटतं आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ ला ३ विरुद्ध २ ने ते आरक्षण वैध ठरवलंय. पण एका पॉलिसीला हेतूची चाळणी लावायची आणि दुसरीला नाही हे बरोबर नाही, एवढं तरी मान्य करा.

बरं, मंडलमुळे आपलं नेमकं काय गेलं याबद्दलही प्रचंड गोंधळ आहे. मंडलने माझी इंजिनियरिंगची सीट घालवली असं सांगणारे कितीतरी लोक मला भेटलेत. १३ ऑगस्ट १९९० चा जो आदेश होता तो फक्त केंद्र सरकारच्या आणि त्यांच्या कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी होता, २७ टक्के, कॉलेजच्या अॅडमिशनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आणि तोही कोर्टाच्या स्थगितीत अडकला. त्या आदेशाविरुद्धच्या इंद्रा साहनी केसचा निकाल १६ नोव्हेंबर १९९२ ला लागला तेव्हा २७ टक्के टिकले, पण सोबत क्रीमी लेअर, म्हणजे ओबीसींतल्या सधन लोकांना वगळणं, आलं, पन्नास टक्क्यांची मर्यादा आली, आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी १९९३ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान असताना सुरू झाली. आयआयटी, एम्स वगैरे केंद्रीय संस्थांतलं ओबीसी आरक्षण तर २००६ च्या कायद्याचं आणि कोर्टाने ते कायम केलं एप्रिल २००८ मध्ये. तेव्हा व्हीपी सत्तेतून जाऊन अठरा वर्षं होत आली होती.

याचा अर्थ त्यांचं काही चुकलं नाही असा नाही. मला वाटतं चुकलं, आणि मोठं चुकलं. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या भाजपला आणि डाव्यांना विश्वासात घेतलं नाही अशी दोघांचीही तक्रार होती. एवढा मोठा निर्णय ज्या तरुणांवर येऊन पडणार त्यांच्याशी आधी कोणी बोललंच नाही. १९ सप्टेंबरला दिल्लीच्या देशबंधू कॉलेजात राजीव गोस्वामी या विद्यार्थ्याने मंडलच्या विरोधात स्वतःला पेटवून घेतलं, तो तेव्हा वाचला, पण त्याच्यानंतर अनेक पोरापोरींनी तेच केलं आणि कितीतरी घरं कायमची उद्ध्वस्त झाली. त्यांच्या आईवडिलांना सामाजिक न्यायाचं तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नव्हता. ज्या सरकारला दहा वर्षं जुना अहवाल काढायचा होता त्याने दोन-तीन महिने तरी राज्याराज्यात जाऊन, विद्यापीठांत जाऊन समजवायला हवं होतं की यात काय आहे, किती जागांचा प्रश्न आहे, तुमचं काय जाणार आणि काय नाही. हे न करण्याची जबाबदारी त्यांचीच आहे आणि ती राहणार.

पण यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे जी ना त्यांचे विरोधक बोलतात ना मंडलवाले. मंडल आयोगात एल. आर. नाईक नावाचे सदस्य होते, आयोगातले एकमेव दलित सदस्य. त्यांनी वेगळं मत नोंदवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ओबीसी म्हणून ज्यांना एकत्र केलंय ते सगळे सारखे नाहीत, त्यात जमिनी असलेल्या, थोड्या वर आलेल्या जाती आहेत आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशा कारागीर, भटक्या जाती आहेत, त्यांचे दोन गट करा नाहीतर वरचे सगळं घेऊन जातील. १९९० चा आदेश काढताना हे ऐकलं गेलं नाही. पुढे काय झालं? ऑक्टोबर २०१७ मध्ये न्या. रोहिणी यांचा आयोग नेमला, त्यांनी केंद्राच्या नोकऱ्या आणि अॅडमिशनचा डेटा तपासला तर निघालं की ओबीसीच्या ९७ टक्के जागा जेमतेम पंचवीस टक्के जातींकडे गेल्या होत्या, आणि ९८३ जाती अशा की त्यांना एकही जागा मिळाली नव्हती. एकही नाही! नाईक यांनी १९८० मध्ये ज्याची भीती घातली होती तेच आकड्यांत समोर आलं.

आपल्या महाराष्ट्राने यातलं थोडं तरी केलंय हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडेच लोकांना माहीत नसतं. राज्यात ओबीसींना १९ टक्के आणि भटक्या विमुक्तांना वेगळे ११, त्यातही अ, ब, क, ड असे गट. त्यामुळे राज्याच्या परीक्षेत धनगराच्या मुलाला, गोंधळ्याच्या मुलीला आपापल्या गटात तरी स्पर्धा करता येते. केंद्राच्या यादीत मात्र भटक्या विमुक्तांतल्या बहुतेक जाती सरसकट ओबीसीत, एकाच २७ टक्क्यांत. तीच मुलगी एमपीएससीला बसली तर एक नियम आणि यूपीएससीला बसली तर दुसरा. हा वाद खरा घालण्यासारखा आहे, पण आपण घालतो कुठला तर व्ही. पी. सिंग चांगला की वाईट.

मराठा आरक्षणाच्या वादातसुद्धा हेच चाललंय. एका बाजूचे लोक सगळं जरांगे पाटलांवर घालतात, दुसऱ्या बाजूचे भुजबळांवर, कोणाला फडणवीस दिसतात तर कोणाला पवार. भुजबळांनी १९९१ ला शिवसेना सोडताना मंडलचंच कारण दिलं होतं त्यामुळे त्यांचं या विषयाशी नातं जुनंच आहे, पण त्यांनी काय केलं नि कोणी काय भाषण ठोकलं यावर तासन्‌तास चर्चा होते आणि मे २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात मराठा आरक्षण नेमकं कशामुळे टिकलं नाही हे विचारलं तर दहातले आठ जण गप्प होतात. इम्पिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष गोळा केलेली आकडेवारी, हा शब्द आता चहाच्या टपरीवर पण ऐकू येतो, चांगलंय, पण तो डेटा कोणाचा, कधीचा, कोणी गोळा केला हे विचारत नाही कोणी. ओबीसी लोकसंख्या ५२ टक्के हा मंडलचा अंदाजसुद्धा १९३१ च्या जनगणनेवर काढावा लागला होता कारण त्यानंतर सगळ्या जातींची मोजणी झालीच नव्हती. आता केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जनगणनेत जात मोजायचं जाहीर केलंय, तेव्हा यापुढे तरी अंदाजावर भांडायची वेळ येऊ नये.

अजून एक, महाराष्ट्रात तरी हे विसरायला नको. बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं ते १९९० मध्ये, व्हीपींच्याच सरकारच्या काळात. आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळाव्यात यासाठी कायद्यात बदल झाला तोही १९९० मध्येच. १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेल्यांना आणि त्यांच्या पोरांना त्यासाठी चौतीस वर्षं थांबावं लागलं होतं. एका अकरा महिन्यांच्या, दुसऱ्यांच्या पाठिंब्यावर चाललेल्या सरकारसाठी हे थोडं नाही. ७ नोव्हेंबर १९९० ला १४२ विरुद्ध ३४६ मतांनी ते सरकार पडलं.

ज्यांना फायदा झाला त्यांनीही व्हीपींना फारसं जवळ केलं नाही, कारण ते ठाकूर, मांडा संस्थानचे राजे, ओबीसींच्या पक्षांना आपापले नेते होते आणि सवर्णांना ते नकोच होते. २७ नोव्हेंबर २००८ ला ते गेले तेव्हा मुंबईत ताज आणि ओबेरॉयमध्ये अतिरेकी घुसलेले होते, साहजिकच पेपर त्याने भरलेले, एका माजी पंतप्रधानाच्या मृत्यूची बातमी कुठल्या तरी कोपऱ्यात गेली. त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण नंतरच्या इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल मराठी पेपरांत नीट, दोन्ही बाजू मांडून किती लिहून आलं? त्यांचा मोठा पुतळा उभा राहिला तो चेन्नईत, स्टॅलिन सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन केलं. आपल्याकडे फक्त ते एक वाक्य उरलं.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. मंडलच्या अहवालात नोकऱ्यांशिवाय जमीन सुधारणेच्या, कारागिरांना कर्ज देण्याच्या, मुलांच्या वसतिगृहांच्या शिफारसी होत्या, त्यातल्या महाराष्ट्रात किती झाल्या आणि किती राहिल्या हे तुमच्या वार्ताहरांकडून शोधून छापा. नाईक यांचं ते वेगळं मत मराठीत सविस्तर येऊ द्या. रोहिणी आयोगाने जुलै २०२३ मध्ये आपला अहवाल राष्ट्रपतींना दिला, त्याचा पाठपुरावा करा, सरकारला विचारा, त्या ९८३ जातींपैकी महाराष्ट्रातल्या कोणत्या ते नावानिशी छापा. त्या समाजातल्या मुलामुलींना लिहायला जागा द्या, पहिल्या पानावर नाही दिली तरी चालेल पण पुरवणीत द्या, आणि परवाच्या लेखकांनाही त्यांना उत्तर द्यायला सांगा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक