चिऊचं घड्याळ आणि तुझ्या लेकाचं

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. लेक मे महिन्यात अठराचा होतोय, त्याला जन्मभर पुरेल असं भारी घड्याळ घ्यायचंय, तर कुठलं घेऊ? आमची लेक चिऊ अठराची झाली, तेव्हा तिला घड्याळ घेताना आमच्या घरात या प्रश्नावर खूप बोलणं झालं. ते सगळं तुला लिहितो, मग तू आणि वहिनी मिळून ठरवा.

आधी हे सांगतो की घे. पैसे उधळतोय का मी, असं तू दोनदा म्हणालास. मला तसं वाटत नाही.

आपल्या घरांत चांगलं घड्याळ यायचं कुठून, आठव. सासऱ्याकडून. लग्नाच्या बोलणीत अंगठी, सूट आणि घड्याळ हे जवळजवळ ठरलेलं असायचं. बाबांचं एचएमटी जनता माझ्या आईच्या वडिलांनी मांडवात त्यांच्या मनगटावर बांधलं होतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं करायला घेतली आणि मगच नोकरदार माणसाला घड्याळ परवडू लागलं. तरी बाबा नोकरीला लागून काही वर्षं झाली होती आणि मनगट रिकामंच होतं. पुरुषाला घड्याळ मिळायचं ते जावई झाल्यावर.

आणि मुलीला? मुलीच्या नावाने घरात जे जे साठतं, पाटल्या, बांगड्या, मुदत ठेवी, ते सगळं 'तिच्या लग्नासाठी'. चिऊ अकरावीत असताना तिच्या आजीने मायेने डबा उघडून बांगड्या दाखवल्या, म्हणाल्या, या तुझ्या लग्नातल्या. चिऊ हसली आणि अभ्यासाला गेली, पण माझ्या मनात ते राहिलं. कुणाची बायको होण्याशी काही संबंध नसलेली एक तरी मौल्यवान वस्तू या पोरीला मिळायला हवी, असं वाटायला लागलं. अठराव्या वर्षी ती कायद्याने सज्ञान होते, मत देते, स्वतःच्या सहीने व्यवहार करते. मग द्यायचं ते त्याच दिवशी.

तुझ्या लेकाच्या बाबतीत हेच दुसऱ्या बाजूने खरं आहे. आईबापाने दिलेलं घड्याळ आत्ताच हातावर असलं, तर उद्या कुणा मुलीच्या बापाला 'जावयाला काय घड्याळ द्यायचं' हा हिशेब करावा लागणार नाही. हे त्याला घड्याळ देताना तोंडाने सांग. मुलांना या गोष्टी कळतात.

चिऊच्या आईचं म्हणणं वेगळं होतं आणि त्यात तथ्य होतं. सोनं घेऊन ठेवू, ते वाढतं. घड्याळ दुकानाबाहेर पडलं की उतरतं. अगदी बरोबर. काही ठरावीक रोलेक्स, पाटेक फिलिप असली मोजकी सोडली तर बहुतेक नवी घड्याळं विकायला गेल्यावर घेतल्या किमतीच्या बरीच खाली जातात. म्हणून कुणी विक्रेता तुला 'साहेब, ही गुंतवणूक आहे' म्हणाला तर तिथून उठ. आम्ही घड्याळ घेतलं ते विकायचं नाही हे ठरवूनच. सोन्याच्या भिशीत हिने हात घालू दिला नाही, आणि ते योग्यच झालं. घड्याळाचे पैसे वेगळे साठवले.

आता रक्कम. तुझ्या डोक्यात रोलेक्स आहे, ते मला बोलण्यातून कळलं. रोलेक्सबद्दल मला आदर आहे. हान्स विल्सडॉर्फ बाराव्या वर्षी पोरका झालेला मुलगा, त्याने १९०५ मध्ये लंडनमध्ये धंदा सुरू केला. १९२६ मध्ये पाणी आत न जाणारी 'ऑइस्टर' पेटी आणली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची २६ वर्षांची टायपिस्ट ते घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. पाणी इतकं गार होतं की दहा तासांहून अधिक झुंजल्यावर तिला बाहेर काढावं लागलं, घड्याळ मात्र चालू होतं. चिऊला ही गोष्ट फार आवडली. घड्याळापेक्षा ती बाई आवडली, हे ओघाने आलंच. विल्सडॉर्फला मूलबाळ नव्हतं, त्याच्या पश्चात १९६० पासून कंपनी त्याच्याच नावाच्या न्यासाकडे आहे. थोडक्यात, रोलेक्स चांगलं यात वाद नाही.

माझी हरकत आहे ती वापराची. साधं ऑइस्टर पर्पेच्युअल घ्यायचं तरी पाच-सहा लाखांची गोष्ट, आणि हवं ते मॉडेल दुकानात गेलं की लगेच मिळेल याची खात्री नाही. नाव नोंदवून थांबावं लागतं. एवढं करून हाती आलेलं घड्याळ अठरा वर्षांचा मुलगा हॉस्टेलवर नेणार का? नेलं तर आंघोळीला जाताना कुठे ठेवणार? तुम्हीच म्हणाल, राहू दे घरी, सणावाराला घाल. मग ते लॉकरमध्ये जाईल आणि त्याच्या बारशाच्या चांदीच्या वाटीशेजारी पडून राहील. चिऊ रोज ठाण्याहून माटुंग्याला लोकलने जाते. सकाळच्या गर्दीत दांडीला हात धरायचा, डब्याच्या पत्र्याला मनगट घासायचं, हे रोजचं. तिथे जे घड्याळ निर्धास्त घालता येईल तेच तिचं.

म्हणून आम्ही एक माप ठरवलं. हरवलं तर महिनाभर घरात हळहळ होईल, पण कुणी तिला 'तरी म्हणत होतो' असं म्हणणार नाही, एवढ्या किमतीचं घ्यायचं. हा आकडा प्रत्येक घराचा वेगळा. तुझा जर खरंच सहा लाखांचा असेल तर रोलेक्स घे, मी आनंदाने बघायला येईन. आमचा दोन लाखांच्या आसपास निघाला.

त्या रकमेत कंपन्या कोणत्या? टिसो त्याच्याही बरीच खाली येते. १८५३ ची कंपनी, म्हणजे बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली तेच साल. त्यांचं पीआरएक्स नावाचं ऑटोमॅटिक, म्हणजे सेलशिवाय, हाताच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारं घड्याळ, काढून ठेवलं तरी ८० तास चालतं, १०० मीटरपर्यंतच्या पाण्याला टिकतं, ३५ आणि ४० मिलिमीटर अशा दोन्ही मापांत मिळतं. तुझ्या लेकाच्या हाताला ते शोभेल. लाँजिन १८३२ ची, तिची पंखवाली वाळूघडी तू पाहिली असशील. ओमेगाचं सीमास्टर मला मनापासून आवडतं, पण ते पुन्हा रोलेक्सच्या पंगतीत जाऊन बसतं. जपानी ग्रँड सेकोचं काम बघताना डोळे निवतात, काटे आणि तबकडी इतकी नितळ असते; तीही आमच्या मापाबाहेर.

मी एका गोष्टीवर अडून बसलो होतो, ती म्हणजे सेलवर चालणारं नको. तू म्हणशील, क्वार्ट्झ जास्त अचूक. आहेच. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि ऑटोमॅटिकमधलं मागेपुढे झुलणारं तोलचाक सेकंदाला सहा-आठ ठोके देतं. १९६९ च्या नाताळच्या दिवशी सेकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधली हजारो कारागिरांची कामं गेली. चांगलं ऑटोमॅटिकसुद्धा दिवसाला चार-पाच सेकंद पुढेमागे जातंच. पण मला हवं होतं उघडून दुरुस्त होणारं यंत्र. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तरी बाबांचं जनता आजही चालतं, कारण त्यात झिजलेलं चाक बदलता येतं, वाळलेलं तेल पुसून नवं घालता येतं. चिऊचं स्मार्ट वॉच दहावीला घेतलेलं, बारावीपर्यंत त्याची बॅटरी मेली. ज्या वस्तूकडे दर काही वर्षांनी लक्ष द्यावं लागतं ती सांभाळायची सवय या वयात लागावी, असं मला वाटतं. ही जबाबदारी आम्ही तिच्यावरच टाकली आहे. पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग येईल तेव्हा ती कमवत असेल, ते पैसे ती भरणार.

दुकानात तिला घेऊन गेलो. वाढदिवशी डब्यातून काढून चकित करायचं हा मोह मलाही झाला होता, पण मनगट तिचं आहे. तिथे विक्रेत्याने न विचारता लेडीजचा ट्रे पुढे केला. सगळी इवली इवली, खडे जडवलेली, गुलाबी तबकडीची आणि सेलवरची. 'मुलींना हेच आवडतं' असं तो हिला सांगत होता. चिऊने ट्रे शांतपणे मागे सरकवला आणि विचारलं, 'मागून मशीन दिसतं असं दाखवा ना.' मग तिने जे जे प्रश्न विचारले ते ऐकत मी बाजूला उभा राहिलो. सर्व्हिसिंगला किती लागतात? ठाण्यात होतं की बाहेर पाठवता? गॅरंटी किती वर्षांची? पोहताना चालेल का? बाळ्या, ही आपली पोर आता मोठी झाली, हे मला कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी जाणवलं नव्हतं, ते त्या काउंटरपाशी जाणवलं.

तिने घेतलं ते लाँजिनचं ३४ मिलिमीटरचं, स्टीलचं, ऑटोमॅटिक. मला निळी तबकडी हवी होती, तिने पांढरी घेतली. का, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मापाबद्दल दोन शब्द. मोठ्या तबकडीला भुलू नका. पट्टा जिथे जोडलेला असतो ती वरची-खालची टोकं मनगटाबाहेर डोकावता कामा नयेत. तुझा लेक अजून काटकुळा आहे, ४० च्या वर जाऊ नकोस. अंग भरलं तरी ३८-३९ चं घड्याळ वाईट दिसत नाही, उलट ४४ चं पुढे जड वाटतं.

चामड्याचा पट्टा कितीही देखणा असला तरी आपल्या हवेत घेऊ नकोस. ठाण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो कधी पूर्ण वाळतच नाही, घामाने आतून काळा पडतो आणि वास मारतो. तुमच्या नाशिकला थोडं बरं असेल, पण पोरगा शिकायला कुठे जाईल कुणी सांगावं. स्टीलचीच चेन घे. बसवताना काढलेल्या कड्या मागून घे आणि जपून ठेव, वयाबरोबर मनगट भरतं. काच सफायरची, म्हणजे सहज ओरखडे न पडणारी, असल्याची खात्री कर. पाण्याचं म्हणशील तर ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुण्यापुरतंच समज; पावसात आणि तलावात चालायचं असेल तर १०० मीटरचं हवं, आणि चावी नीट आत दाबलेली किंवा पिळलेली हवी. रात्री मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरवर किंवा स्पीकरवर ठेवू नको, असं त्याला बजाव. जुन्या पद्धतीचं मशीन त्याने भरधाव पळायला लागतं.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडेच कर. दोन लाखांच्या वर गेलास तर पॅन लागेल, आणि एवढी रक्कम रोखीत घेता-देता येत नाही. बिल, गॅरंटी कार्डावरचा क्रमांक आणि घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक जुळतो ना ते तिथेच पाहा, फोटो काढून ठेव. तुझा दुबईचा भाचा आणून देईल म्हणतोस, पण परतताना विमानतळावर ते जाहीर करून शुल्क भरावं लागतं. न सांगता हातात घालून आणायला त्या पोराला लावू नकोस. शिवाय स्वित्झर्लंडसह चार देशांशी आपला व्यापार करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे, त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचं आहे, त्यामुळे बाहेरून आणण्यातला फायदा कमीच होत जाणार. जुनं घड्याळ घ्यायचा विचार असेल तर तो तुझ्यासाठी कर, लेकासाठी नको. त्या बाजारात तबकडी पुन्हा रंगवलेली आणि आतलं मशीन दुसऱ्याचं असं फार चालतं, ते ओळखायला मुरलेली नजर लागते.

कोरून घ्यायचं का, हे वहिनींना विचार. चिऊच्या घड्याळाला मागे काच असल्याने जागा नव्हती, म्हणून चेनच्या कुलपावर आतल्या बाजूला तिचं नाव आणि तारीख देवनागरीत कोरून घेतली. आडनाव घातलं नाही. ही चिऊच्या आईची सूचना होती. सोन्यासाठी भांडलेली तीच, आणि सगळ्यांत नेमकी गोष्ट तिलाच सुचली.

वाढदिवशी औक्षण झालं आणि आजीनेच ते तिच्या हातात घातलं. मी आजींना आधी सगळं समजावून सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, 'माझ्या वेळी कुणी असं विचारलं नव्हतं.' बांगड्यांचा डबा अजून आहेच, तो त्यांचा हक्क, त्याला मी हात लावणार नाही.

आता तुझं. एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी लेकाला घेऊन ये. वहिनींनाही आण, त्यांच्याशिवाय निर्णय करू नकोस. नाशिकहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरलीस तर दुपारी जेवायलाच आमच्याकडे. दुपारी इथल्या मॉलमधली दोन-तीन दुकानं बघू, त्याच्या हातात प्रत्येक घड्याळ थोडा वेळ राहू दे, आणि त्या दिवशी काहीच घ्यायचं नाही असं ठरवूनच निघू. संध्याकाळी तलावपाळीला बसून बोलता येईल. रक्कम तोपर्यंत तुम्ही दोघं नक्की करून ठेवा आणि मला आधी कळव, म्हणजे मी दुकानांत विचारून ठेवतो. आणि त्याच्या मनगटाचा घेर टेपने मोजून पाठव.

वहिनींना नमस्कार, लेकाला आशीर्वाद.

तुझा,
नंदू