हॉट डॉगची ती कार्टूनवाली गोष्ट

संपादक महोदय, स.न.

रविवारच्या पुरवणीतला हॉट डॉगवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण ती कार्टूनवाली गोष्ट परत एकदा जशीच्या तशी छापलीत म्हणून हे पत्र. म्हणे १९०१ साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेसबॉलच्या मॅचला गरमागरम सॉसेज विकत होते, टॅड डॉर्गन या कार्टूनिस्टने पावात झोपलेला डॅक्सहुंड (सॉसेजसारखा लांबुडका) कुत्रा काढला, त्याचं स्पेलिंग येईना म्हणून खाली ‘हॉट डॉग’ लिहून मोकळा झाला. अहो, ते कार्टून आजवर कोणालाही सापडलेलं नाही! बॅरी पॉपिक, जेराल्ड कोहेन अशा शब्दांची मुळं शोधणाऱ्या लोकांनी जुन्या पेपरांचे गठ्ठेच्या गठ्ठे पालथे घातलेत. आणि डॉर्गन १९०१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात नोकरीला होता, न्यूयॉर्कला तो नंतर आला. त्याची हॉट डॉगवाली कार्टून्स आहेत, पण ती १९०६ ची आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सायकल रेसवरची. त्याच्या कितीतरी आधी, १८९५ मध्येच अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पोरांच्या मासिकात हा शब्द छापून आलाय, कारण तेव्हा सॉसेजमध्ये कुत्र्याचं मांस घालतात असा लोकांना संशय होता आणि पोरांना त्याची टिंगल करायला मजा यायची, कॉलेजबाहेरच्या सॉसेजच्या गाडीला पण ती ‘डॉग वॅगन’च म्हणायची.

मला वाईट याचं वाटलं की या भाकडकथेपायी खरी माणसं लेखात दोन ओळींत उरकली. चार्ल्स फेल्टमन हा जर्मनीहून आलेला माणूस, न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या बीचवर गाडीवर धंदा करणारा, त्याने पावात सॉसेज घालून विकायला सुरुवात केली आणि बघता बघता प्रचंड मोठं रेस्टॉरंट उभं केलं. त्याच्याच रेस्टॉरंटमध्ये नोकरी केलेला पोलंडचा ज्यू पोरगा नेथन हँडवर्कर, याने १९१६ मध्ये ३०० डॉलरवर स्वतःचा स्टॉल टाकला, आणि फेल्टमनकडे १० सेंटला मिळायचा तो हॉट डॉग याने ५ सेंटला लावला. एवढ्या स्वस्तात काय घालतो कोण जाणे अशी लोकांना शंका (परत तोच कुत्रा!), पण १९२० च्या सुमारास सबवे (तिथली मेट्रो) थेट तिथपर्यंत आली, तिकीट पण ५ सेंटच, मग काय, रविवारी झुंबड. फेल्टमनचं रेस्टॉरंट १९५४ मध्ये बंद पडलं, नेथनचं दुकान अजून त्याच कोपऱ्यावर आहे.

सॉसेजचं मूळ फ्रँकफर्ट की व्हिएन्ना हा वाद वेगळाच. फ्रँकफर्टला शिकलेल्या योहान लाह्नर नावाच्या खाटकाने व्हिएन्नाला जाऊन १८०५ मध्ये डुकराचं आणि बीफचं मटण एकत्र करून सॉसेज केलं, फ्रँकफर्टमध्ये दोन्हीचे खाटीक वेगळे, एकाने दुसऱ्याच्या मालाला हात लावायची सोय नव्हती. म्हणून आज व्हिएन्नात त्याला फ्रँकफर्टर म्हणतात आणि जर्मनीत वीनर, म्हणजे व्हिएन्नाचं, घ्या!

छोटीशी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल. आणि नेथनच्या दुकानाच्या ४ जुलैच्या हॉट डॉग खाण्याच्या स्पर्धेवर पुढेमागे लिहिणार असाल तर ‘१९१६ पासून चालू’ हे प्लीज टाकू नका, ती थाप आपणच पब्लिसिटीसाठी मारली होती असं मॉर्टिमर मॅट्झ या प्रसिद्धीवाल्याने २०१० मध्ये स्वतःच कबूल केलंय.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली